मालनअक्काचा फिरोजा

मालनअक्का माझ्या गळ्यात खडा बांधायला आली तेव्हा मी तळपायांना राळ चोळत बसले होते. घोड्याच्या पाठीवर उभं राहायचं तर पाय घसरून चालत नाही, म्हणून खेळाआधी आम्ही राळेची पूड लावायचो. बाहेर बँडवाले सूर जुळवत होते. दुपारच्या खेळाला फलटणचे लोक आत शिरायला लागले होते, आणि बाकड्यांवरून पोरांचा गलका कनातीतून ऐकू येत होता.

"मान वर कर," अक्का म्हणाली.

मी मान वर केली, दोरा बांधून झाला, आणि आरशात माझं लक्ष गेलं. चांदीचं कोंदण तेच होतं, काळा दोराही तोच. पण खडा निळा नव्हता. शेवाळ धरलेल्या हौदातल्या पाण्यासारखा हिरवा पडला होता.

"अक्का, हा असा काय झाला?"

तिनं खडा बोटावर घेतला, उजेडाकडं वळवला.

"दिसतंय खरं," एवढंच म्हणाली.

मी राळेची पुडी बाजूला ठेवली. कारण त्या खड्याचं सगळं मला ठाऊक होतं. सर्कशीतल्या प्रत्येकालाच ठाऊक होतं.

तो फिरोजा मिर्झाचाचांनी अक्काला दिलेला. चाचा आमचे घोडे शिकवायचे. त्यांचे आजोबा इराणातून घोडे विकायला आले आणि पुण्यात राहिले. चाचांचा जन्म पुण्यातलाच, मराठी आमच्यासारखीच बोलायचे. अक्का तरुणपणी घोड्यावर पहिल्यांदा उभी राहिली, त्या दिवशी त्यांनी आजोबांच्या घोड्याच्या लगामातला हा खडा काढून तिला दिला. त्यांच्याकडं घोडेस्वाराला फिरोजा देतात. स्वार पडायचा असला तर मार खडा घेतो, माणूस वाचतो. अंगात आजार भरायला लागला की खडा फिका पडतो, आणि संकट यायचं असलं तर रंग बदलतो. डोळ्यांना तर फार चांगला म्हणत. सकाळी उठून फिरोजाकडं नुसतं बघितलं तरी नजर निवते, असं चाचा सांगायचे.

त्याला जपायचं कसं तेही त्यांनीच अक्काला शिकवलं होतं. घाम लागू द्यायचा नाही, म्हणून तो कायम पोलक्याच्या वरून. साबण नाही, अत्तर नाही, उन्हात ठेवायचा नाही, पाण्यात बुडवायचा नाही, आणि तेलाचं बोट तर चुकूनही नाही. रोज रात्री मऊ मलमलीनं कोरडा पुसून चिंधीत गुंडाळायचा. अक्काचा हा नेम मी लहानपणापासून बघत आले होते. मावशीनं मला सर्कशीत आणलं ते तासगावाकडच्या गावातून, दुधाचे दात पडायच्या वयात. अक्कानंच मला वाढवलं आणि घोड्यावर उभं राहायला शिकवलं.

मिरजेच्या मुक्कामात एकदा घोडा बुजला आणि अक्का कठड्यावर आदळली. खुब्याचं हाड मोडलं. जिवावरचं होतं, पण वाचली. तेव्हापासून ती लंगडत चालायची आणि आमचे पोशाख शिवायची. खड्यावर एक बारीक काळी रेघ होती. आमचे मालक तात्यासाहेब कोणीही पाहुणा आला की ती रेघ दाखवायचे. "बघा, मिरजेचा मार यानं घेतला. म्हणून बाई जिवंत आहे." अक्का मागाहून मला म्हणायची, "ती रेघ पहिल्यापासनं आहे गं. फिरोजात असतेच." पण मालकांना ती कधी हे बोलली नाही.

आता खडा मी घालायचे. खेळाआधी ती बांधायची, खेळ संपला की स्वतः सोडून घ्यायची.

"काय झालं गं?" शेजारी कमल बसली होती, सायकलवरचा खेळ करणारी. तिनं वाकून पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! हिरवा!"

"ओरडू नकोस," मी म्हटलं.

पण ती केव्हाच उठली होती. पोशाखाच्या तंबूत सगळ्या पोरी माझ्याभोवती गोळा झाल्या. कोणी म्हणालं, जाऊ नकोस. कोणी म्हणालं, आजच नवीन उडी आहे, आणि आजच हे.

ते खरंच होतं. त्या दिवशी माझा नवा खेळ होता. आत्तापर्यंत कापूर, आमचा पांढरा घोडा, रिंगणात गोल दौडायचा आणि मी त्याच्या पाठीवर उभी राहून कसरती करायचे. आता तो पेटत्या आडव्या बांबूवरून उडी मारणार होता आणि मी त्याच्या पाठीवर उभीच राहणार होते. तात्यासाहेबांनी गावभर टांग्यातून पुकारा केला होता. सकाळच्या सरावात बांबू खाली धरलेला होता आणि पेटवलेला नव्हता, तरी कापूरचा मागचा पाय एकदा बांबूला लागला. चाचा म्हणाले, "नवीन गाव आहे, बुजतोय." मीही तसंच समजले.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती, पण तिचा अर्थ मला लावता आला नव्हता. चाचा पूर्वी रिंगणाच्या मध्ये उभे राहून गप्प काम करायचे. चाबकाची दोरी नुसती हलवली की घोड्याला कळायचं. अलीकडं ते सारखे बोलायचे. "हां बेटा, आला, आला, हं, हुप." मला वाटलं, म्हातारपण.

"हौसे," अक्का म्हणाली, "तू जाणार का?"

"मालक काय म्हणतील?"

"मालकांचं ऱ्हाऊ दे. तुला भीती वाटती का?"

"वाटते."

"मग बस इथंच."

तोवर कमलनं मालकांच्या कानावर घातलं होतं. तात्यासाहेब कनात बाजूला सारून आत आले. खेळासाठी घातलेला लांब लाल कोट, डोक्याला फेटा. मालक तसे कडक, पण आमच्यावर हात उगारणारे नव्हते. सरळ माझ्यासमोर आले आणि खडा बघितला. त्यांचा चेहरा पडला.

"कधीपासून असा आहे?"

"बांधताना बघितलं," अक्का म्हणाली.

"काल?"

"गाव बदललं, तंबू लागेपर्यंत खेळच नव्हता मालक. चिंधीत होता."

तात्यासाहेब खाली ट्रंकेवर बसले. बाहेर बँड सुरू झाला. पहिला खेळ विदूषकांचा होता, लोक हसायला लागले.

"चाचांना बोलवा," ते शेवटी म्हणाले. "खडा त्यांचा. काय ते त्यांनी सांगावं."

चाचा आले ते कापूरला धरूनच आले. त्याला सजवून आणलं होतं, कपाळाला लाल तुरा. त्यांनी घोडा कनातीपाशी उभा केला आणि आत वाकून पाहिलं.

"काय झालं, तात्यासाहेब? आमचा नंबर आला की."

"हे बघा."

मी उठून त्यांच्यापुढं गेले. चाचांनी खडा तळहातावर घेतला. त्यांचा हात घोड्याच्या लगामानं काळवंडलेला, आणि त्यावर तो हिरवा ठिपका. त्यांनी अंगठ्यानं खडा चोळला. अंगठा नाकाजवळ नेला. मग त्यांनी मान वर करून माझ्या मागं पाहिलं. माझ्या मागं अक्का उभी होती.

तिनंही नजर खाली घेतली नाही. बाहेर विदूषक पडला असावा, मोठा हशा आला.

"बोला चाचा," मालक म्हणाले. "तुमच्या लोकांत याचा अर्थ काय? हौसा पडणार का?"

चाचांनी कनातीपाशी उभ्या कापूरकडं पाहिलं.

"तुम्ही म्हणाल तसं करू. तुम्ही म्हणालात काही नाही, तर जाईल ती. बाहेर एवढी माणसं आलीत. पण तुम्ही म्हणालात धोका आहे, तर मी आत्ता खेळ रद्द करतो."

चाचांनी खडा माझ्या पोलक्यावर हलकेच सोडून दिला.

"तात्यासाहेब, खड्याला काही कळत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे खडा बाजूला ठेवा. कापूरला डाव्या डोळ्यानं दिसत नाही."

तात्यासाहेब ट्रंकेवरून उठले.

"काय म्हणालात?"

"डोळ्यात सारा पडलाय, पांढरा पडदा. पावसाळ्यापासून वाढत गेला. आता काही दिसत नाही. रिंगणात त्याची डावी बाजू माझ्याकडं असते, म्हणून मला आधी कळलं. तो माझ्या आवाजावर दौडतो. सपाटीवर चालून जातं. पण उडी मारायला दोन डोळे लागतात. बांबू किती लांब आहे हे त्याला कळत नाही."

"आणि तुम्ही ही पोरगी त्याच्यावर उभी करणार होतात?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं नाही. "वाटलं होतं, आवाजावर उडवीन. सकाळी पाय लागला तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही."

"का?"

"तुम्ही त्याला विकला असता."

तात्यासाहेब तरातरा बाहेर गेले. आम्ही पण मागं गेलो. ते कापूरच्या डाव्या बाजूला उभे राहिले आणि त्याच्या डोळ्यापाशी झटकन हात नेला. कापूर हलला नाही. मग उजव्या बाजूला जाऊन तेच केलं. त्यानं मान झटकली आणि दोन पावलं मागं सरला. मालकांनी पुन्हा डावीकडं जाऊन वाकून पाहिलं. बुबुळावर दुधाचा थेंब पसरावा तसं काहीतरी होतं. रोज ज्याच्या पाठीवर मी उभी राहायचे, त्याचा डोळा मी कधी नीट बघितला नव्हता.

"औषध काही केलं का?" मालकांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

"सगळं केलं. जनावरांच्या डॉक्टरला बारामतीत दाखवला, म्हणाला इलाज नाही." चाचा खड्याकडं बोट करून म्हणाले, "हा पाण्यात ठेवून रोज पहाटे ते पाणी त्याच्या डोळ्याला लावलं. पाण्यात घालायचा नसतो, तरी घातला. माझे आजोबा सांगायचे, फिरोजाचं पाणी डोळ्याला देतात. काही झालं नाही."

त्या दिवशी घोड्याचा खेळ झाला नाही. तात्यासाहेबांनी स्वतः रिंगणात जाऊन सांगितलं की घोडा आजारी आहे. लोकांनी थोडी आरडाओरड केली, मग हत्ती आत आला आणि ते विसरले. मी पोशाखाच्या तंबूत बसून होते. पायाची राळ धुवायचंही सुचलं नाही. उडी कशी झाली असती, हे सारखं डोळ्यांपुढं येत होतं. बांबूला पाय लागणार, कापूर पुढच्या गुडघ्यांवर जाणार, मी त्याच्या डोक्यावरून पेटत्या बांबूच्या पलीकडं. अक्का खुब्यावर पडली होती. मी मानेवर पडले असते.

संध्याकाळी मालकांनी चाचांना बोलावून सांगितलं की उद्यापासून तुम्ही आमच्याकडं नाही. रागानं नाही सांगितलं, आणि तेच ऐकायला जास्त वाईट वाटलं. "माझ्या वडिलांनी तुम्हाला आणलं," ते म्हणाले. "मी दुसरं काही करू शकत नाही. तुमच्या हातात पोरी देतो आम्ही."

"बरोबर आहे," चाचा म्हणाले. "मला कापूर द्या."

"घेऊन जा."

एवढंच बोलणं झालं. मग तात्यासाहेब आमच्या तंबूत आले आणि दोन्ही हात जोडून माझ्या गळ्यातल्या खड्याला नमस्कार केला. "यानंच वाचवलं," म्हणाले. मी अक्काकडं बघितलं. ती सुईत दोरा ओवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोरीवर पोशाख पसरत होती. मी तिला मदत करायला गेले. खडा रात्री तिनं नेहमीसारखा सोडून घेतला होता. आता तो तिच्या गळ्यात होता.

"अक्का, चाचांनी अंगठ्याचा वास का घेतला गं?"

ती पोशाखाची सुरकुती काढत राहिली.

"खोबरेलाचा वास येत होता त्याला," मी म्हटलं. "काल रात्री तू सोडून घेतलास तेव्हा मला आला."

"मग कळलं की तुला."

"तू तेल लावलंस?"

"लावायचं काय? बुडवूनच ठेवला. बारामतीहून निघालो तवापासनं वाटीत होता. चाचा पहाटे मागायला यायचे, त्यांना सांगितलं दोरा तुटलाय, ओवून देते."

"पण तूच तर म्हणायचीस, तेलाचं बोटसुद्धा…"

"व्हय."

"आता निळा होईल परत?"

"न्हाई. आत मुरलेलं तेल निघत नसतं." तिनं खड्याकडं बघितलंही नाही. "पहाटे डोळा धुताना मी बघितलं होतं त्यांना. खडा कशाला नेतात म्हणून मागं गेले होते. मी म्हटलं, ही उडी काढून टाका. म्हणाले, मी आहे ना. मी म्हटलं, मालकांना सांगा. म्हणाले, कापूर टांग्याला जाईल आणि मार खाऊन मरंल. बरोबरच होतं ते."

"मग तूच का नाही सांगितलंस मालकांना?"

"मालक म्हणाले असते, घोड्यावरनं पडलेली बाई आहे, घाबरती. आणि मी सांगितलं असतं तर ती चहाडी झाली असती. त्यांनी आपल्या तोंडानं सांगायला पायजे होतं."

"आणि नसतं सांगितलं तर?"

अक्कानं पोशाख दोरीवर टाकला आणि माझ्याकडं वळली.

"तर खड्याच्या भीतीनं मालकांनी खेळ बंद केलाच असता. तुला त्या घोड्यावर मी चढू दिलं नसतं, हौसे. रिंगणात आडवी पडले असते." मग पुन्हा दोरीकडं वळून म्हणाली, "पण त्यांनी सांगितलं नसतं, तर मी त्यांच्याकडं पुन्हा बघितलं नसतं."

मला तेव्हा वाटलं, ती चाचांवर रागावली आहे.

दुपारी चाचा निघाले. लोणंदवरून जेजुरी, सासवड करत कापूरला पायी पुण्याला न्यायचं होतं. त्यांच्या भावाचं तिथं अंगण होतं, तिथं तो बांधता आला असता. घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवलेल्या, वर घोंगडं. सगळी मंडळी निरोप द्यायला जमली. विदूषक रडले. तात्यासाहेब आले नाहीत, पण त्यांच्या तंबूची कनात थोडी उघडी होती. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"माफ कर बेटी," म्हणाले. "यापुढं घोड्यावर चढायच्या आधी त्याचे दोन्ही डोळे बघत जा. शिकवणारा कोणी का असेना."

मी वाकून नमस्कार केला. पुढं कित्येक वर्षं मी घोड्यावर उभी राहिले, पण डोळे बघितल्याशिवाय एकदाही चढले नाही. आणि गळ्यात काही बांधलं नाही.

चाचा मैदानाबाहेर पडून रस्त्याला लागले. तेवढ्यात कापूरच्या डाव्या अंगानं उसाचा एक ट्रक आला आणि तो दचकून आडवा फिरला. त्याला तो दिसलाच नव्हता. नुसता आवाज अंगावर आला होता. चाचांनी कसाबसा धरला.

माझ्या शेजारची अक्का काखेत एक बोचकं मारून लंगडत पुढं निघाली.

"कुठं निघालीस?"

"त्याला या अंगानं धरायला माणूस लागतं. जरा पुढपर्यंत पोचवून येते."

ती भरभर चालत गेली. तिचं एवढं भरभर चालणं मिरजेनंतर मी पाहिलं नव्हतं. रस्त्याला लागताना तिनं हाक मारली, ती मला स्पष्ट ऐकू आली.

"अहो! थांबा जरा."

इतकी वर्षं आमच्यादेखत ती त्यांना चाचाच म्हणत आली होती.

चाचा थांबले. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. नुसते लगाम धरून उभे राहिले. अक्का कापूरच्या डाव्या बाजूला गेली, त्याच्या मानेवर हात ठेवला, आणि तिघं चालायला लागले. वळणावरच्या कडुनिंबाखालून दिसेनासे होईपर्यंत मी उभी होते.

खेळाची वेळ झाली तशी मी पोशाखाच्या तंबूत गेले. कमल विचारत होती, अक्का कुठं आहे, माझ्या झग्याचं बटण तुटलंय. दोरीवर आम्हा सगळ्या पोरींचे पोशाख इस्त्री करून, ओळीनं लावून ठेवले होते. बटणं लावलेली होती. कमलच्या झग्याचंसुद्धा. दोरीच्या टोकाला कायम टांगलेली अक्काची दोन लुगडी तेवढी नव्हती.